मेहुणे म्हणायचं नाही

"बाई, मेहुणे म्हणायचं नाय हां. उद्योजक म्हणा," मंत्र्यांच्या पीएने मला फोनवर बजावलं.

मी रोह्याच्या शाळेत शिक्षिका. माईक हातात दिला की माझी जीभ चालते, म्हणून कुणाचाही सत्कार असो, सूत्रसंचालनाला मलाच धरून नेतात. पण ह्या खेपेला कार्यक्रम होता माझ्या माहेरी, पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात. आदल्या वर्षी तिथला बांध फुटून भावाच्या भातशेतीत खारं पाणी शिरलं होतं. आता नवा बांध मंजूर झाला होता. मंजुरी मंत्र्यांच्या खात्याची, कंत्राट मंत्र्यांच्या मेहुण्याला. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मग ही लपवाछपवी कुणापासून?

एसटीत बसले ती "उद्योजक, उद्योजक" घोकतच. ज्या शब्दाची धास्ती घ्यावी तोच मेला जिभेवर येऊन बसतो. चुकून निघून गेला तर? माझी बदली कुठल्या डोंगरात होईल ह्याचा नेम नाही. ती परवडली, पण साहेबांची मर्जी फिरून बांध रखडला, तर भावाचं आणखी एक पीक मिठात जाणार.

घरात पाऊल टाकलं तर वहिनीचं वेगळंच. "माईक तुझ्याच हातात हाय ना? मंग विचार की गो त्यांना, काम वाईट झालं तर मंत्री मेहुण्याचं बिल अडवतील काय?"

"तू गप बस गो वहिनी," मी खेकसले. पण प्रश्न पोटात जाऊन बसला तो बसलाच.

भूमिपूजन झालं, नारळ फुटला. सत्काराची वेळ आली तसा मी माईक हातात घेतला. "आता माननीय मंत्रीमहोदयांच्या हस्ते, आपले नामवंत उद्योजक..." निघालं बाई एकदाचं नीट! मी श्वास सोडला. तेवढ्यात मंत्र्यांनी मेहुण्याला घातलेली शाल त्याच्या खांद्यावरून घसरली, मंत्री ती सावरायला गेले, आणि नामवंत उद्योजक थेट माझ्या माईकसमोर बोलून गेले, "राहू द्या ओ दाजी!"

अख्खा मांडव खो खो हसला. पुढच्या रांगेतून वहिनी ओरडली, "आमच्यात भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो. हितं दाजीच मेहुण्याला घालतो!"

मंत्रीसुद्धा हसले. हसला नाही तो पीए. "माईक बंद ठेवता येत नाय?" माझ्या कानाशी येऊन दातओठ खात म्हणाला. अरे वा रे वा! नातं त्यांचं आणि पाप माझं? पण हे आपलं मनातल्या मनात. तोंडाने मी "सॉरी सर" म्हटलं. त्याचा मला अजून संताप येतो.

बदली काही झाली नाही. बांधही झाला, दिसायलाही छान झाला. तरी माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. अमावास्येच्या उधाणाला मी मुद्दाम माहेरी गेले.

दुपारी आम्ही तिघं बांधाखाली, शेताच्या बाजूला उभे होतो. भात गुडघाभर आलेलं, हिरवंगार. पायथ्याशी ओल दिसली म्हणून भावाने बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट हाय," तो म्हणाला.

कंत्राटदाराच्या ऑफिसात भावाने लगेच फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला, कुणी उचलतच नव्हतं. शेवटी मी पीएला लावला. "सर, बांध पाझरतोय. कंत्राटदाराविरुद्ध तक्रार करायची आहे. कुणाकडे करू?"

"माझ्याकडेच करा ना बाई," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "मेहुण्यांच्या कंपनीचंही आता मीच बघतो. दोन्हीकडचं माझ्याकडेच असतं."

आता मेहुणे म्हटलेलं चालत होतं.

"काय बोलला?" भावाने विचारलं. मी सांगितलं. तो घमेलं आणायला घराकडे पळत सुटला. बांधापलीकडे पाणी चढतच होतं. वहिनी त्या ओल्या मातीकडे बघत उभी राहिली.

"दोनीकडचं तोच बघतो, व्हय?" ती म्हणाली. "आन आपल्याकडचं कोन बघतो गो?"