वीस नंबरची चाळणी

वाळूच्या कारखान्यात नोकरी करते म्हटलं की लोकांना नदीतली चोरीची वाळू वाटते आणि ते आवाज बारीक करतात. आमची वाळू वेगळी. घाटाखालून, कोकणातून डंपरनं पांढरी सिलिका येते. ती आम्ही धुतो, वाळवतो, चाळतो आणि कोल्हापूरच्या फौंड्र्यांना साचे करायला देतो. मी तिथली लॅब सांभाळते. लॅब म्हणजे शेडच्या कडेला काढलेली एक खोली, तिच्यात वजनकाटा, सूक्ष्मदर्शक, ओव्हन आणि पितळी चाळण्यांची उतरंड. "आमची पोरगी बी.एस्सी. होऊन वाळू चाळते," असं आई नातेवाइकांना सांगते. ती थट्टा करते की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

मग राजस्थानातल्या एका तेलकंपनीची ऑर्डर आली. तेलविहिरीत खोल खडकात प्रचंड दाबानं पाणी सोडतात. खडकाला भेगा पडतात आणि त्या परत मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू आत घालतात. दाण्यांमधल्या फटींतून मग तेल वाहतं. त्यासाठी दाणा गोल लागतो, दाबाखाली न फुटणारा लागतो आणि सगळी वाळू जवळजवळ एका मापाची लागते. चाळणीचा नंबर जितका मोठा तितकी तिची भोकं बारीक. वाळू वीस नंबरच्या चाळणीतून पडली पाहिजे आणि चाळीस नंबरवर राहिली पाहिजे. फौंड्रीवाले थोडं इकडंतिकडं चालवून घेतात. ही माणसं चालवून घेणारी नव्हती. आमचा नमुना दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला. त्या दिवशी मालकांनी अख्ख्या शेडला पेढे वाटले. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. गाड्या सुटायला लागल्या. प्रत्येक गाडीबरोबर माल मापात असल्याचा एक कागद जायचा आणि त्यावर सही एकटीची, माझी.

सहा गाड्या गेल्या. सातवी भरायला लागली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. गोलाई बघायला मी वीस नंबरमधून खाली पडलेले थोडे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. सगळे साधारण सारखे दिसायला हवेत. त्यांच्यात एक दाणा भाताच्या शितांत हरभरा पडावा तसा बसला होता. चिमट्यानं उचलून मी तो वीस नंबरच्या चाळणीवर ठेवला आणि ब्रशनं ढकलला. पडेना. पडणारच नव्हता, तेवढा मोठा होता. मग तो खाली आला कसा?

चाळणी उचलून खिडकीकडं धरली. जाळी जिथं पितळेच्या कड्याला झाळलेली असते, तिथं नखाएवढी फट होती.

मोठे दाणे त्या फटीतून खाली जात होते आणि मी ते मापातले म्हणून मोजत होते. गेले काही दिवस वीस नंबरवर जवळजवळ काहीच राहत नव्हतं आणि मी त्यावर खूश होते. मामांना म्हणालेसुद्धा होते, "माल एकदम झकास येतोय हं."

मामा म्हणजे चाळण्याच्या मोठ्या यंत्रावरचे आमचे जुने ऑपरेटर, कोडोलीचे. मी चाळणी घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला, फटीवरून बोट फिरवलं.

"कवापासनं?"

"ठाऊक नाही, मामा."

"मग आमची बी बघू की."

त्यांनी यंत्र बंद केलं, वरचं झाकण काढलं. जाळी दाबून धरणाऱ्या एका पट्टीखाली तिचीही कड सुटली होती, म्हणजे मोठे दाणे मालातच मिसळत होते. मामा तिथंच उकिडवे बसले. "दोन्ही बी एकदमच," एवढंच म्हणाले.

खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझ्या मनात दुसराच विचार चालला होता. मोठी जाळी मामा तासाभरात बदलतील. माझी चाळणी भंगारात टाकायची, नवी मागवायची. गेलेल्या गाड्या गेल्या. विहिरीत कोण उतरून बघणार आहे? मामांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"मॅडम, गाडी भराय लागलीया. थांबवू का नको, तेवढं सांगा."

"थांबवा."

बोलून गेले आणि केबिनच्या दाराकडं बघितलं. कारण भरणारी गाडी थांबली की अण्णा केबिनमधून बाहेर येतात. आलेच.

"का थांबलीया?"

मी चाळणी त्यांच्यापुढं धरली आणि सगळं सांगितलं.

"किती गाड्यांत गेलंय?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाय म्हंजे? सही तुमचीच हाय का न्हाय?"

"माझीच आहे."

"फौंड्रीचा माल परत आणता येतोय. ह्यो जमिनीत घालत्यात. एकदा आत गेला की निघतोय व्हय?"

सगळी शेड ऐकत होती. मी कशीबशी म्हणाले, "प्रत्येक गाडीचा नमुना डब्यात ठेवलाय. चांगली चाळणी मिळाली तर आजच सांगते."

"मग हितं काय करतायसा? निघा की!"

शिरोलीच्या एका फौंड्रीतले लॅबवाले सर ओळखीचे होते. सहा डबे पिशवीत भरून स्कूटीवर पायांशी ठेवले आणि हायवेला लागले. प्रत्येक खड्ड्याला डबे एकमेकांवर आपटत होते. एखाद्याचं झाकण निघालं तर कुठली गाडी कुठली, काही कळणार नाही, या भीतीनं मी दोनदा कडेला थांबून बघितलं.

सरांनी माझा चेहरा बघितला. चाळण्या हलवायचं यंत्र मोकळं करून दिलं. एकेका नमुन्याला दहा मिनिटं. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याला मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, तोही ठीक निघाला. चौथा ओतला, यंत्र थांबलं आणि वरची चाळणी उचलताच ती वाजली. जाड दाण्यांचा थर होता. पाचवा तसाच. सहावाही तसाच.

तीनच आहेत, असं वाटून आधी जरा बरं वाटलं. लगेच त्याचीच लाज वाटली.

परत येऊन अण्णांना सांगितलं. सहावी गाडी वाटेत होती. अण्णांनी ड्रायव्हरला फोन करून गुजरातेत एका ढाब्यावर थांबवली. मग कंपनीच्या साहेबांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढं सरकवला. "सही तुमची, तुमीच बोला." माझ्या मोडक्या हिंदीत मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या लक्षात आलं की कुणी तक्रार केली?" मी म्हणाले, "माझ्या लक्षात आलं." चौथ्या-पाचव्या गाडीचा माल विहिरीवर गेला का, ते बघून कळवतो म्हणाले.

दोन दिवस काही कळवलं नाही. घरी जेवायला बसले की भाकरीचा कण दाताखाली आला तरी वाळू वाटायची. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. मामांनी नवी जाळी बसवली आणि मला बोलावून सगळ्या पट्ट्या स्वतःच्या हातानं ओढून बघायला लावल्या. मी ओढल्या. तरी परत जाऊन ओढल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. दोन्ही गाड्यांचा माल गोदामात होता, पोती उघडलेलीही नव्हती. तो परत न्या म्हणाले. ऑर्डर त्यांनी मोडली नाही, पण यापुढं त्यांचा माणूस आमच्या लॅबमध्ये बसेल आणि कागदावर त्याचीही सही लागेल, असं सांगितलं. अण्णा म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं." माझ्याकडं बघून म्हणाले की बघायचं टाळून, ते मला नीट दिसलं नाही.

तो माणूस आला, तीन महिने राहिला. चाळणी लावायच्या आधी ती खिडकीकडं धरायचा. मीही धरायचे. एकच चाळणी आम्ही दोघंही बघायचो. वाईट वाटायचं, पण त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. पुढं तो यायचा बंद झाला. कुणी मला बोलावून काही सांगितलं नाही. एक दिवस कागदावर दुसऱ्या सहीची जागा रिकामी राहिली, तसाच तो ऑफिसात दिला, आणि दुसरी सही नाही म्हणून तो कागद परत आला नाही.