कुठल्या फाइलमधली, कुठल्या शीटमधली

"ऊठ. खुर्चीवरून ऊठ आधी. आणि कीबोर्डला हात लावू नकोस."

सर एवढं बोलले आणि फडकं घेऊन त्यांनी कीबोर्ड पुसला. माझे हात आत्ता ज्यावर होते, तोच. ऑफिसातले चौघे बघत होते.

"तुमच्या लोकांना कॉम्प्युटर दिला की हे असं होतं. हात झाडूचेच."

मी उठले. हात कुठे ठेवायचे कळेना, म्हणून मागे बांधले. शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

ठाण्यातलं ते ऑफिस हॉस्पिटलांना सफाईच्या बायका पुरवायचं. मी डेटा एन्ट्रीला, तीन महिन्यांच्या बोलीवर. इंटरव्ह्यूला सरांनी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. "गावात कुठे? कुठल्या बाजूला?" तेही सांगितलं. "आई काय करते?" "झाडू मारते, सर." "अच्छा," म्हणाले आणि वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून माझा पाण्याचा ग्लास वेगळा झाला.

पाळीची यादी, म्हणजे कुणाची ड्युटी कधी, ती सरांनी लिहिलेल्या मॅक्रोवर चालायची. मॅक्रो म्हणजे एक्सेलला आधीच लिहून दिलेला हुकूम. दोन बटणं दाबली की तो जुन्या पाळीची नावं पुसून फाइल सेव्ह करायचा. शुक्रवारी संध्याकाळी सर माझ्या मशीनवर आले. बायकांची कायमची यादी उघडली, काहीतरी बघितलं, तशीच उघडी ठेवून उठले. "चालव मॅक्रो," म्हणाले. मी दाबलं.

बेचाळीस नावं गेली. कायमच्या यादीतली.

मी कंट्रोल-झेड दाबत राहिले. मॅक्रोने केलेलं तसं मागे येत नाही, हे मला कुठे माहीत होतं! मी इतकी घाबरलेले की कुणालाच सांगितलं नाही, पर्स उचलली नि सरळ घरी आले. ती माझी चूक. शनिवारी सकाळी हॉस्पिटलच्या गेटवर बायकांना परत पाठवलं, यादीत नाव नाही म्हणून. मग ऑफिसात सरांचं ते फडकं.

जुन्या प्रिंटवरून यादी भरली गेली. सरांनी मला सांगितलं, सोमवारी माफीनाम्यावर सही कर, नाहीतर घरी बस.

त्या बेचाळिसातली सखुमावशी आमच्याच विठ्ठलवाडीची. शनिवारी घरी आली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "पोरी, माझं नाव तूच पुसलंस का गं?"

आई म्हणाली, "दगडाखाली हात आहे आपला. दे सही करून." तिने स्वतः असे किती अंगठे दिलेत, तिलाच ठाऊक.

रविवारी शहाडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रिकामं मशीन मागून बसले. सरांच्या कोडचा फोटो मोबाइलमध्ये होता, शिकायचा म्हणून कधीतरी काढलेला. व्हिडिओ बघत, थांबवत, एकेक ओळ लावली. एक्सेलच्या पोटात फाइल. फाइलच्या पोटात शीट. शीटच्या पोटात रेंज, म्हणजे ठरावीक रकाने. रेंजचा पूर्ण पत्ता लिहायचा असतो, कुठल्या फाइलमधली, कुठल्या शीटमधली. नाही लिहिला तर मॅक्रो विचारत बसत नाही. समोर जी शीट उघडी, तीच पुसतो.

सरांची ओळ होती: रेंज बी-दोन ते बी-त्रेचाळीस, साफ. बस! आधी फाइल नाही, शीट नाही.

माझं गाव, गावातली बाजू, आईचा झाडू, सगळं सरांनी खोदून विचारलं. बेचाळीस बायकांची नावं कुठून पुसायची, ते मात्र लिहिलं नाही. मला इतका संताप आला की रडू फुटलं. आणि भीती दुप्पट झाली, कारण आता मला खरं माहीत होतं.

सोमवारी माफीनामा टाइप करून तयार. 'माझ्या अडाणीपणामुळे' असं त्यात होतं.

मी कागद परत टेबलावर ठेवला. म्हटलं, "सर, शुक्रवारीच सांगितलं नाही, तेवढं लिहून देते. नावं तुमच्या ओळीने पुसली. रेंजच्या आधी शीट लिहिलेली नाही."

"तू मला शिकवणार?"

"हो, सर."

"उद्यापासून येऊ नकोस."

मी दारापर्यंत गेले. मग सखुमावशी आठवली. ती ओळ तशीच राहिली तर तिचं नाव पुन्हा जाणार. मी परत फिरले, त्याच खुर्चीवर बसले, कीबोर्डवर हात ठेवले. कुणी अडवायच्या आत ओळीत पाळीची फाइल घातली, शीट घातली, सेव्ह केलं.

फडकं उचलून सरांसमोर ठेवलं. "आता पुसा."

नोकरी शोधतेय. रात्री झोप नाही. पण गाव विचारा, बाजू विचारा, आईचं काम विचारा, सगळं सांगेन. तुमच्या चुकीखाली माझी सही मिळणार नाही.