मागच्या खोलीतली वाइंडिंगवाली

दुकानाच्या पाटीवर भावाचं नाव होतं आणि गिऱ्हाइकं त्याला मिस्त्री म्हणायची. पंपाची मोटर जळाली की लोक ती पोत्यात घालून आणत. मिस्त्री झाकण उघडायचा, वास घ्यायचा आणि डॉक्टरसारखा चेहरा करून सांगायचा, "वाइंडिंग गेलंय. परवा या." मग मोटर पडद्यामागे जायची. पडद्यामागे ताई बसायची.

खोली दहा फूट लांब, सहा फूट रुंद. खिडकी नाही. एका भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, दुसरीला वॉर्निशचे डबे. ताई जळकी तार छिन्नीने कापून काढायची, मोटरीच्या खाचा घासून साफ करायची, त्यांत कागद बसवायची आणि नवी तार साच्यावर गुंडाळायची. वेढे मोजताना कुणी हाक मारली तर ती ओ देत नसे. एक वेढा चुकला तर मोटर महिन्याभरात परत येणार, हे तिला वडिलांनी शिकवलं होतं.

ती अकरा वर्षांची असताना आई गेली. धाकटा भाऊ, आताचा मिस्त्री, तेव्हा चार वर्षांचा. सहावीतच शाळा सुटली. दुपारी वडिलांचा डबा घेऊन ती दुकानात यायची, डबा रिकामा होईपर्यंत त्यांच्या हातांकडे बघत बसायची. बघता बघता शिकली. वडील गेले तेव्हा ती तिशीत होती. पाटीवरचं नाव बदललं, तिची खोली तीच राहिली. धाकट्याने दोन-तीनदा वाइंडिंग करून पाहिलं. त्याच्या हातात तार तुटायची. "ताई, हे तुझंच काम," तो म्हणाला, आणि प्रेमानेच म्हणाला. तो वाईट नव्हता. चहा स्वतः आत आणून द्यायचा, तिच्या डोळ्यांसाठी चांगला दिवा बसवला होता. पण गिऱ्हाइकाने विचारलं, तर सांगायचा, "आत कारागीर आहे." सुरुवातीला ते ऐकून ताईला हसू यायचं. पुढे पुढे यायचं बंद झालं.

एकदा मुलींच्या प्रशिक्षण केंद्राच्या बाई आल्या. शाळा सुटलेल्या, घरी बसवलेल्या, कुणाकडे धुणीभांडी करणाऱ्या मुलींसाठी ते केंद्र होतं. तिथला पंप जळाला होता. बाई घाईतल्या, उद्या-परवाचं ऐकून घेईनात. "मी कारागिरालाच विचारते," म्हणत त्यांनी सरळ पडदा सारला.

ताई मांडीवर मोटर घेऊन बसली होती. बाई बघतच राहिल्या.

"हे सगळं तुम्ही करता?"

ताईने मान हलवली.

"आमच्या मुलींना शिकवाल? शिवणकाम शिकून कंटाळल्यात हो पोरी. गल्लीत सतरा शिलाई मशिनं झालीत, शिवून घेणारं कुणी नाही."

उत्तर बाहेरून आलं. "ती केंद्रात कशी येणार? इथलं काम कोण करणार?" मग जरा नरमून मिस्त्री म्हणाला, "मुलींना इथे पाठवा हवं तर."

तशा सहा मुली यायला लागल्या. खोलीत तीनच मावायच्या, म्हणून तिघी सोमवारी आणि तिघी गुरुवारी. पहिले काही दिवस ताईच्या तोंडून शब्द फुटेना. ती करून दाखवायची, मुली करायच्या, चुकलं की ती त्यांचं बोट धरून खाचेपाशी न्यायची. सगळ्यांत बारकी आणि सगळ्यांत तिखट जी होती, तिला बाकीच्या लवंगी म्हणत. तीच एकदा वैतागून म्हणाली, "ताई, ओरडा तरी! ओरडल्याशिवाय मला कळत नाही."

"ओरडले तर वेढे चुकतील," ताई म्हणाली.

खोलीत हशा पिकला. त्या दिवसापासून ताई बोलायला लागली. वॉर्निशच्या वासाने मुलींची डोकी दुखायची, घामाने तार हातातून निसटायची, तरी एकीनेही सोडलं नाही. सोमवार आणि गुरुवार आले की ताई सकाळी जरा लवकर उठायची.

वर्ष सरताना परीक्षा आली. प्रमाणपत्रासाठी सरकारी परीक्षक दुकानातच येणार होते. अर्जात एक रकाना होता, शिकवणाऱ्याचं नाव. शिकवणारा निदान आठवी पास हवा होता. मिस्त्री दहावी पास होता. बाईंनी खाली मान घालून त्याचं नाव लिहिलं.

परीक्षकांनी लवंगीने तार भरलेली मोटर हातात घेतली, उलटसुलट केली, दिवा लावून तपासली.

"छान. कुणी शिकवलं?"

"ताईंनी," लवंगी म्हणाली.

"कोण ताई?"

लवंगीने पडद्याकडे पाहिलं. मिस्त्री टेबलावरची अवजारं आवरू लागला. परीक्षकांनी अर्जावरचं नाव पुन्हा वाचलं आणि पेनाला टोपण लावलं. "कागदावर एक आणि शिकवणारं दुसरंच कुणी, असं असेल तर ही सगळी तुकडी रद्द करावी लागेल मला."

ताई आतून सगळं ऐकत होती. पडदा बाजूला करून ती बाहेर आली. गिऱ्हाइकांच्या बाजूला, दिवसाउजेडी, ती कित्येक वर्षांनी उभी राहिली होती.

"शिकवलं भावानेच," ती म्हणाली. "मी आत झाडलोट करते. कधी तार गुंडाळून देते. पोरी लाडाने माझं नाव घेतात."

परीक्षकांनी तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत वॉर्निश होतं, बोटांना तारेचे घट्टे. मग "बरं," म्हणून त्यांनी सह्या केल्या. सहाही मुली पास झाल्या.

पेढे वाटायचं कुणालाच सुचलं नाही. लवंगी पडद्यापाशी आली. "का बोललात तसं?"

"तुमचे कागद अडले असते."

"आणि तुमचा?"

ताईने मोटर ओढून मांडीवर घेतली आणि वेढे मोजायला सुरुवात केली. मोजताना ती कुणाला उत्तर देत नाही, हे लवंगीला माहीत होतं. पण त्या दिवशी ताईचे आकडे सारखे मागे-पुढे होत होते. आपण खोटं बोललो याचं तिला वाईट वाटत नव्हतं. ते इतकं सहज, न अडखळता बोललो, याचं वाटत होतं.

बाईंनी बाहेरून बसायच्या आठवीच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला. त्रेचाळिसाव्या वर्षी ताईने पुस्तकं आणली. परीक्षा ऐन उन्हाळ्यात, पंप जळायच्या दिवसांत. धाकटा "जाऊ नकोस" म्हणाला नाही. फक्त पहिल्या पेपरच्या सकाळी त्याने सात मोटरी आत आणून ठेवल्या आणि गुपचूप बाहेर गेला. ताईने घड्याळाकडे पाहिलं, मोटरींकडे पाहिलं. ती गेली नाही.

ताई गेल्या खेपेला का गेली नाही, हे पुढच्या वर्षीच्या परीक्षेआधी लवंगीला कळलं. ती तेव्हा पंपाच्या कारखान्यात दुरुस्तीला होती. तिने रजा टाकली, आणखी दोघींना टाकायला लावली, आणि तिघी सकाळीच खोलीत शिरून बसल्या.

"उठा ताई. आज आम्ही भरतो."

मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत होता, "कारागीर आजारी आहे जरा."

"आजारी नाही!" आतून लवंगी ओरडली. "परीक्षेला गेल्यात!"

गणितात ताईला शंभरातले एक्क्याण्णव मिळाले. मराठीत ती नापास झाली. निबंध होता, माझा छंद. "छंद काय लिहू?" ती बाईंना म्हणाली. "चार ओळी झाल्या, पुढे काही सुचेना." राहिलेला विषय पुन्हा द्यावा लागणार होता, पुन्हा उन्हाळ्यातच.

तोवर तिसरी तुकडी आली होती. मुली स्टुलांवर दाटीवाटीने बसल्या होत्या आणि बाई दारात अर्ज भरत होत्या. एका रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"भावाचंच लिहा," ताई म्हणाली. "यंदाही."