लाल दोऱ्याचे सात वेढे

गल्लीतले सगळे नळ एकाच माणसाच्या हातचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बायको मात्र चिडली की "अहो गळके" म्हणे, कारण जगाचे नळ दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांच्या मोरीतला नळ वीस वर्षं टपकत होता.

स्वारीला आपल्या कामाचा भारी तोरा. पाइपाच्या प्रत्येक जोडावर लाल दोऱ्याचे सात वेढे. सहा पडले तर रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही.

गल्लीत कावीळ आली तेव्हा मिस्त्रींनी कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याला फैलावर घेतलं. मग त्यांची सूनच आजारी पडली. सातवा महिना. दवाखान्यात नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांचंही आत्ताच काही सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. "काका, तुमची लाइन गटारातून गेलीय."

"जाईना का! रस्ता कोण खोदत बसणार? आणि ताई, पाइपातून पाणी बाहेर येतं, आत जात नाही. चाळीस वर्षं हेच करतोय."

"सकाळचं पाणी जातं कधी?"

"नऊला."

"मग थांबू या."

नऊला पाणी गेलं. मिस्त्रींनी गटारावरची फरशी उचलली. काळ्या पाण्यात त्यांचाच जोड बुडालेला. सातातले दोन वेढे उरलेले, बाकीचे कुजून गेलेले. त्या फटीपाशी पाणी गोल फिरत होतं. एक बुडबुडा. दुसरा. रिकामा होत चाललेला पाइप गटार पीत होता, तहानलेल्या माणसासारखा, घोट घोट.

रोज पहाटे नळ आला की पहिला तांब्या मिस्त्री स्वतः भरून सुनेला देत. "ताजं आहे, पी."

ते आधी सरबतवाल्याकडे गेले.

"आता आणखी काय केलं मी?" तो वैतागला.

"तू नाही रे. मी. नळाचं पाणी पिऊ नकोस, सगळ्यांना सांग."

तिसऱ्या दिवशी सून शुद्धीवर आली. बाळ गेलं होतं.

"बाबा, पाणी द्या ना," ती म्हणाली.

बाटलीतलं पाणी मिस्त्रींनी स्वतः उकळून आणलं होतं, दोनदा. तरी हात पुढे होईना. त्यांनी नर्सकडे पाहिलं.

"देऊ?"