मानेवरचा मळ

"रंग म्हणजे मळ नव्हे, बाबांनो!" केस कापायला शिकणाऱ्या पोरांसमोर मास्तर दरवर्षी हे बजावत. "रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्याच्या आणि काळ्याच्या कातडीत साधारण सारख्याच असतात. कोणाच्या पेशी जास्त रंग बनवतात, कोणाच्या कमी. हे आईबापांकडून येतं. ऊन लागलं की त्या जोमानं कामाला लागतात, आणि कातडी घासून सोलली तरीही. तेव्हा गिऱ्हाइकाची मान काळी दिसली म्हणून रगडत बसू नका."

"म्हणजे घासाल तितका रंग पक्का!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. मास्तरांना मात्र हसू आलं नाही.

मास्तरांचं केस कापायचं दुकान नवं होतं तेव्हा एक गिऱ्हाईक सहज म्हणालं होतं, "जगाच्या माना साफ करता, आणि पोराची अशी?" झालं, मास्तरांना ते झोंबलं. दर सुट्टीला मुलाला मोरीत बसवून ते टाचा घासायच्या वजरीनं त्याची मान घासू लागले. मुलगा कळवळायचा, "मळ नाहीये, बाबा!" मान सोलवटायची, खपली धरायची आणि आणखी काळी व्हायची. मग मास्तर आणखी जोर लावायचे. अति तेथे माती, हे इतरांना ऐकवणारा माणूस स्वतःच्या घरात आंधळा झाला होता.

मुलगा मोठा झाला आणि दुसरीकडे केस कापून घेऊ लागला. अख्ख्या गल्लीची डोकी मास्तरांच्या हाताखालून जात, पोटच्या पोराचं तेवढं नाही. पुढे शिकवायला म्हणून त्वचेचं पुस्तक उघडलं, तेव्हा त्यांना आपण काय केलं ते कळलं. फार वाईट वाटलं. पण सांगणार कसं? मुलगा उंबऱ्यावरूनच बोलून निघून जायचा.

एकदा तो लेकीला घेऊन दुकानात आला. पोरगी बापासारखीच सावळी. आल्या आल्या खुर्चीवर चढून बसली. "आजोबा, माझे केस कापा!"

मास्तर लगबगीनं उठले. त्यांनी कापड बांधलं, केस भिजवले आणि मानेवरचे केस उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात मुलाचा पंजा लेकीच्या मानेवर येऊन बसला.

"फक्त केस, बाबा. मानेला हात नको."

"अरे, मला कळलंय आता," मास्तर कसेबसे म्हणाले. "तो मळ नव्हता."

"मला तेव्हाच माहीत होतं. मी सांगत होतो की."

मास्तरांनी कात्री उचलली. मुलानं हात काढला नाही. त्या हाताच्या कडेकडेनं त्यांनी नातीचे केस कापले.