मी रडत नव्हते

माझे डोळे सुजायला लागले तेव्हा सगळ्या लोहारा गावानं ठरवून टाकलं की मी रडते. सकाळी उठले की पापण्या भज्यासारख्या फुगलेल्या असायच्या, कडेनं लाल आणि खाजऱ्या. बाई रडते ती सासरी आणि रडवतो तो नवरा, एवढं गणित आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. शेजारीण आवाज खाली आणून विचारायची, "बरं हाय ना घरी?" त्या खालच्या आवाजाचा मला इतका राग यायचा की मी "बरंय" सुद्धा फणकाऱ्यानं म्हणायचे, आणि मग तिची खात्रीच पटायची.

खरं कारण माझ्या दुकानात होतं. घराच्या पुढच्या खोलीत मी नखांचं काम करते. खऱ्या नखावर खोटं नख चिकटवायचं, वरून जेल लावायचं, हात छोट्या दिव्याखाली धरून ते वाळवायचं, मग घासून आकार द्यायचा. हे मी सोलापूरला राहून शिकले. लग्नसराईत पार माकणीहून नवऱ्या मुली जीपनं यायच्या. ही खोली मिळवायला मी घरात दोन वर्षं भांडले होते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. लोकांची बोटं धरून बसणं आपल्या घराला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी "तब्येतीला काय झालं तर त्या दिवशी कुलूप" या अटीवर त्यांनी खोली दिली.

आधी बोटांची टोकं गेली. नखांभोवती बारीक पाणीदार फोड यायचे, मग कातडी तडकायची. माझी स्वतःची नखं अर्ध्यापर्यंत सुटून पांढरी पडली. दुसऱ्यांना नखं चिकटवणाऱ्या बाईची स्वतःचीच सुटत होती, याचं मला एकदा हसूही आलं. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळताना मात्र जीव जायचा. आम्ही लिंगायत; सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं, तेव्हा मी पदर पुढं ओढून बोटं झाकायचे.

सामान आणायचं सांगून लातूरला गेले आणि कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी बोटं उलटसुलट करून पाहिली, काम काय करता ते विचारलं आणि थेट जेलवर आल्या. न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं की कधीतरी अंगाला त्याचं वावडं होतं, म्हणाल्या, आणि एकदा झालं की ते सहसा जन्मभर राहतं. तोच हात डोळ्यांना लागतो, पापणीची कातडी पातळ, म्हणून तिथं सूज. पातळ हातमोज्यांतूनही ते आत शिरतं. मलम देते, पण हे काम सोडा. उद्या दातात सिमेंट भरायची वेळ आली तरी हे आधी सांगा, त्यातही याच जातीचं रसायन असतं. मी मान हलवत होते आणि मनात घरी सांगायची थाप जुळवत होते.

मलम लावलं की आठ दिवस बरं वाटायचं, कामाला बसले की पुन्हा तेच. नवऱ्यालाही मी काही सांगितलं नाही. ते बिचारे कापडाच्या दुकानातून आले की दारातच थबकून माझा चेहरा बघायचे.

"माझं काय चुकलं का?"

"नाही हो."

"मग रडतीस कशाला?"

"मी रडत नाही."

हे इतक्यांदा झालं की पुढं त्यांनी विचारणं सोडलं, आणि भाजीला नावं ठेवणंही सोडलं.

एका लग्नातला माझा फोटो माझ्या आईच्या मोबाइलवर पोचला. चौथ्या दिवशी आई आणि दादा तुळजापूरहून न सांगता दारात उभे. चहा झाला. दादानं कप खाली ठेवला आणि ह्यांना विचारलं, "दाजी, आमच्या बहिणीचं काय चुकतंय ते तरी सांगा. फोटोत बी डोळं सुजल्यालं दिसत्यात तिचं."

एकच वाक्य बोलायचं होतं, की हे जेलमुळं होतंय. ते जिभेवर आलंही होतं. पण बोलले असते तर आत्यांनी तिथल्या तिथं खोलीला कुलूप घातलं असतं आणि आईनं त्यांचीच री ओढली असती. मी पदराच्या टोकाकडं बघत बसले. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, थोडी वाट पाहिली, मग आईकडं वळले.

"माझंच काय तरी चुकत असंल, मामी. दुकानाच्या नादात हिच्याकडं बघणं व्हईना. आता तसं व्हनार न्हाय." आणि वाकून आईचे पाय धरले.

ज्या माणसानं माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, तो माझ्या दुकानापायी गुन्हेगार ठरला. मला भयंकर लाज वाटली. दुकान वाचलं म्हणून बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतर घर माझ्याशी फारच चांगलं वागायला लागलं. आत्यांचे टोमणे बंद झाले. ह्यांनी सुतार बोलावून दोन गिऱ्हाइकं बसतील एवढं टेबल करून घेतलं, मोठा दिवा आणला, दारावर पाटी लावली. "तुझं मन रमलं पायजे," म्हणाले. माझं मन रमावं म्हणून त्यांनी मला दुप्पट जेलात बसवलं, आणि मी "छान झालंय" म्हणाले. आता काम सोडते असं कोणत्या तोंडानं सांगणार होते?

मग एका दुपारी आत्या दुकानात आल्या, समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि टेबलावर हात पसरून म्हणाल्या, "माझी बी कर." त्यांना जेल लावायची माझी हिंमत नव्हती. साधं नेलपॉलिश लावते म्हणाले आणि हातमोजे चढवू लागले.

"मला हात लावाया मोजे कशाला? मी काय परकी हाय?"

"सवय आहे, आत्या."

"काढ."

मी काढले. त्यांनी माझा हात धरला, तडकलेली टोकं आणि सुटलेली नखं एकेक करून पाहिली. मग माझ्या पापण्यांकडं पाहिलं. लातूरच्या डॉक्टरीणबाईंना लागला होता तेवढाच वेळ त्यांना लागला.

"म्हंजे तू रडत नव्हतीस."

"नाही."

"आन् माझ्या पोरानं तुझ्या आईचं पाय धरलं."

"हो."

आता कुलूप लागेल म्हणून मी वाट पाहत राहिले. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. त्यांनी लावावं, म्हणजे मला लावायला नको. त्यांनी माझा हात सोडला.

"त्याला ह्यातलं काय बी कळू द्यायचं न्हाय," म्हणाल्या. "आपण फुकट वाकलो असं त्याला वाटाया नगं. हौसेनं उभं केलंय त्यानं. आता चालीव."

मी हातमोजे परत घातले. कोणता रंग लावू, विचारलं.

"कोणता बी," त्या म्हणाल्या, आणि दुसरा हातही टेबलावर ठेवला.