शांतवनभाऊंची साक्ष

पाळी सुटली की माणसं फाटकाकडे पळायची. शांतवनभाऊ मागे राहायचे आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेली हत्यारं पुसत बसायचे. पाने, हातोड्या, कानशी. रॉकेलनं पुसून जागच्या जागी ठेवायचे. मी नवा होतो. विचारलं, "भाऊ, हे तुमचं काम आहे का?" म्हणाले, "नाही. म्हणून तर करतो."

चिंचवडला तेव्हा कारखाने नुकते येत होते. एका बाजूला बाजरीची शेतं, एका बाजूला धुराडं. आमचा रंगाचा कारखाना. भाऊ फिटर, मी बॉयलरवर मदतनीस. दोघं नगरकडचे, दोघं ख्रिस्ती. चर्च लांब पुण्यात, म्हणून रविवारची उपासना भाऊंच्या खोलीत व्हायची. मी तिसरी शिकलेला. पवित्र शास्त्र मला भाऊंनीच वाचून दाखवलं.

आमच्यात साक्ष देणं म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं. भाऊ चारचौघांत बोलायचेच नाहीत. म्हणायचे, "पाद्रीसाहेब रविवारी साक्ष देतात. उरलेले सहा दिवस आपले. तोंडाची साक्ष स्वस्त असते, दाविदा. हाताची द्यावी."

मोशीचा एक टर्नर त्यांची फार चेष्टा करायचा. "काय राव शांतवन, आमाला बाटवायला आलाय व्हय?" भाऊ त्याचाच पाना पुसत म्हणायचे, "आधी हा गंजातून बाटवतो. तुझा नंबर नंतर." तोच टर्नर विषमज्वरानं पडला तेव्हा भाऊ बारा दिवस पाळी संपवून सायकलनं मोशीला जात होते, त्याला पुसून काढायला. पहिल्या दिवशी त्याच्या आईनं ओट्यावर वेगळ्या टमरेलात चहा दिला. बाराव्या दिवशी घरात बसवून घरच्या कपात दिला. हे भाऊंनी मला सांगितलं नाही, टर्नरनं सांगितलं.

असा माणूस. म्हणूनच पुढचं मनाला लागलं.

बॉयलरला एक काच असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. तिच्यावरनं नजर हलवायची नाही, एवढंच माझं काम. त्या शुक्रवारी माझा जोडीदार अब्बास साहेबाला विचारून नमाजाला गेला होता. काचेवर मी एकटा. मी मागच्या बाजूला बिडी ओढायला गेलो. एक ओढली, मग दुसरी. परत आलो तर पाणी तळाला आणि आतल्या नळ्या जळालेल्या. कुणी मेलं नाही, पण कारखाना बंद पडला. साहेबानं विचारलं, "काचेवर कोण होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "अब्बास. तो परत आला होता."

मला बिडी ओढताना एकाच माणसानं पाहिलं होतं. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो.

"भाऊ, उद्या साहेब तुम्हाला बोलावणार. माझी साक्ष द्याल ना?"

"देतो की. त्यासाठीच तर प्रभूनं आपल्याला इथं ठेवलंय."

"राहेलचे दिवस भरत आलेत, भाऊ."

"माहीत आहे. मी तुझ्या बाजूला उभा राहीन."

घरी येऊन बायकोला, राहेलला सांगितलं, भाऊंनी शब्द दिलाय. आणि गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी ते खरंच माझ्या बाजूला उभे राहिले. खांद्यावर हात ठेवला. साहेब म्हणाला, "बोल शांतवन." भाऊ म्हणाले, "अब्बास परत आला नव्हता, साहेब. काचेवर हा होता. हा मागे बिडी ओढत होता." हात खांद्यावरच. मी तो झटकला.

माझी नोकरी तिथंच गेली. फाटकाशी अब्बास उभा होता. "दावीदभाई, मेरा नाम लिया तू? एका डब्यातलं खाल्लं रे आपण." मी मान खाली घालून पुढं गेलो. मी अब्बासला विकलं होतं, पण ते तेव्हा मला दिसत नव्हतं. भाऊंनी मला विकलं, एवढंच दिसत होतं.

राहेल म्हणाली, "भाऊ खोटं काय बोलले, सांगा की." मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. चाकणला कांद्याच्या वखारीत हमाली धरली. मुलगी तिथंच झाली. भाऊ झबलं-टोपडं घेऊन आले, तर मी दारात आडवा उभा राहिलो. राहेलनं माझ्या मागून हात काढून ते घेतलं.

मी आजही म्हणतो, खरं बोलायचं होतं तर खुशाल बोला. पण आदल्या संध्याकाळी मला का नाही सांगितलं? मला गाढ झोपू का दिलं?

चार वर्षांनी भाऊंनी अंथरूण धरलं. राहेल मला ओढत घेऊन गेली आणि स्वतः त्यांच्या बायकोपाशी चुलीकडे बसली. मी भाऊंना तेवढंच विचारलं.

"सांगितलं असतं तर तू पाया पडला असतास, दाविदा. आणि मी वाकलो असतो. अब्बास उपाशी मेला असता. माझाच मला भरवसा नव्हता. साक्ष खरी दिली, पण तुला फसवून दिली. माफ कर मला."

चार वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि उठलो. माफ केलं असं म्हणालो नाही. वाटेत राहेलनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "काही नाही. ग्लानीत होते."

तिसऱ्या दिवशी ते गेले. पेटीला अब्बासनं खांदा दिला. मी गेलो नाही.

पुढं आयुष्यभर राहेल म्हणायची, "भाऊंनी तुम्हाला दगा दिला नाही, तुम्हीच मनात धरून बसलात." "तुला फसवून दिली" हे भाऊंच्या तोंडचं वाक्य माझ्यापाशी होतं. ते सांगितलं असतं तर तिला गप्प करता आलं असतं. पण मग त्यांनी माफी मागितली हेही सांगावं लागलं असतं, आणि मी ती दिली नाही हेही.

राहेल गेल्या महिन्यात गेली. भाऊ काही न बोलता गेले, असंच तिला अखेरपर्यंत वाटत राहिलं.